शिक्षकांचे ऑनलाइन गट आणि एकमेकांकडून शिकणे

सेवेतील शिक्षकाला नवे काही शिकण्याचे महाराष्ट्रात दोन मार्ग आहेत. एक वरून खाली येणारा : राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, त्यांच्याकडून प्रशिक्षण जिल्ह्याला, तालुक्याला आणि शेवटी केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहाला, पोचते. दुसरा आडवा : एक शिक्षक दुसऱ्याला विचारतो. हा आडवा मार्ग पूर्वी केंद्राच्या शिक्षण परिषदेपुरता, फार तर एखाद्या नियतकालिकापुरता होता. गेल्या दहा-बारा वर्षांत तो व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांत, यूट्यूबवर आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’सारख्या सरकारी व्यासपीठावर पसरला. त्यामुळे शिक्षक एकमेकांकडून खरोखर शिकू लागले का, याविषयी दोन बाजू येथे मांडल्या आहेत. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावे, असे समर्थकाला आणि साशंकाला सारखेच वाटते. मतभेद आहे तो हे शिकणे कशाने घडते आणि कशाने अडते याबद्दल.

समर्थक : विचार शिक्षकाच्या एकटेपणापासून सुरू करायला हवा. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोघांत वाटलेले असतात. एक जण रजेवर किंवा तालुक्याला बैठकीसाठी गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे येतात. तिसरीतल्या मुलांना वजाबाकी का जमत नाही, हे विचारायला अशा शिक्षकाला शेजारच्या खोलीत कोणी नसते. शिक्षण परिषद कधीतरी होणार, प्रश्न मात्र आज अकरा वाजता उभा राहिला आहे. भामरागडच्या शिक्षकापुढे घरी माडिया बोलणारी मुले आहेत, धडगावच्या शिक्षकापुढे पावरी बोलणारी. मराठीतून वाचन शिकवताना दोघांची अडचण जवळपास एकच, पण एक राज्याच्या पूर्व टोकाला आणि दुसरा वायव्येला. स्वतःच्या केंद्रातल्या सहकाऱ्यांपेक्षा या दोघांना परस्परांकडून जास्त शिकता येईल, आणि गटाशिवाय त्यांची गाठ पडणे अशक्य होते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवले, की नवी माहिती निकटच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त येते, कारण निकटच्यांना ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. त्याआधी १९७१ मध्ये इव्हान इलिच यांनी शाळेला पर्याय म्हणून शिकण्याची जाळी सुचवली होती : माणसाने आपले नाव आणि आस्थेचा विषय नोंदवावा, संगणकाने त्याच विषयात रस असणारा दुसरा माणूस शोधून द्यावा. तेव्हा ती कल्पनाच होती. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातून एक अभ्यासक्रम चालवला. शुल्क भरलेले विद्यार्थी सुमारे २५ होते, पण तो सर्वांना खुला ठेवल्यावर सुमारे २२०० जण विनाशुल्क सामील झाले, आणि त्यांनी एकमेकांसाठी लिहिलेला मजकूर हाच अभ्यासक्रमाचा मोठा भाग बनला. ज्ञान एका जागी साठवून वाटायचे नसते, ते माणसांमधल्या दुव्यांतून तयार होते, अशी ती मांडणी होती. जिल्हा परिषदेचा शिक्षक आज फोनवर जे करतो, ते याच जातीचे आहे.

साशंक : ग्रॅनोव्हेटर यांचे निरीक्षण नोकरीच्या बातमीबद्दलचे आहे. जागा रिकामी आहे, ही बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कमी होत नाही. शिकवण्याची रीत मात्र अशी अखंड जात नाही. याचे उदाहरण महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हा त्या वर्गांची छायाचित्रे गटागटांतून फिरत होती. त्यानंतर कितीतरी शाळांच्या फरशीवर अक्षरांची वर्तुळे, अंकांच्या चौकटी आणि रंगीत आकृत्या उमटल्या. पण कुमठ्याच्या कामाचा गाभा फरशीवर नव्हता. मूल चुकीचे उत्तर देते तेव्हा शिक्षक त्या उत्तरामागचा विचार कसा काढून घेतो, पुढचा प्रश्न कसा बदलतो आणि गप्प बसून किती वेळ वाट पाहतो, यात तो होता. छायाचित्रात रंग येतो, थांबणे येत नाही. म्हणून ज्यांना रंगच मिळाला त्यांनी रंग घेतला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, साधनाने तेवढेच पोचवले होते.

हेच पाठांच्या व्हिडिओंचे, स्वाध्यायपत्रिकांच्या पीडीएफचे आणि तयार टाचणांचे. वस्तू एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते, तिच्यामागची कारणे मागे राहतात. परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी पुढे आणलेली पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची कल्पना राज्याच्या पुस्तकांपर्यंत पोचली, हे एका लहान शाळेचे मोठे यश आहे. पण तो कोड उघडून व्हिडिओ पाहणारा शिक्षक कोणाशी बोलत नसतो. देवाणघेवाण वाढली एवढ्यावरून शिकणे वाढले, असे म्हणता येत नाही.

समर्थक : वस्तूंची वाहतूक आणि शिकणे यांतला फरक मान्य. तो केल्यावर मात्र गटांत वाहतुकीशिवाय काही होतच नाही का, हे तपासले पाहिजे. समजा, एका शिक्षिकेने वहीच्या पानाचे छायाचित्र टाकले : ५२ वजा २७, उत्तर ३५. पहिला सल्ला येतो, सराव वाढवा. दुसरा शिक्षक लिहितो, मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. म्हणजे मूल बेपर्वा नाही, नियम पाळते आहे, फक्त नियम चुकीचा आहे. तिसरी सुचवते, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्या आणि दशक सोडवायला लावा. दुसऱ्या दिवशी पहिली शिक्षिका कळवते : काड्यांवर २५ आले, वहीत पुन्हा ३५. आता प्रश्न पुढे सरकला आहे. मुलाला दशक सुटे करणे जमते, पण काडीवर केलेली कृती कागदावर कशी लिहायची हे त्याला समजलेले नाही. एवढा नेमका प्रश्न प्रशिक्षणाच्या सभागृहात निघणे कठीण, कारण तिथे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये वर्ग येत नाही. गटात तो येतो. आज विचारले, उद्या करून पाहिले, परवा सांगितले. साधनाचे खरे बळ या मधल्या दिवसात आहे.

पुष्कळ सदस्य नुसते वाचतात, काही लिहीत नाहीत, हा आक्षेपही नेहमी घेतला जातो. जीन लेव्ह आणि एटीन वेंगर यांच्या १९९१ च्या पुस्तकात लायबेरियातील शिंप्यांचे उदाहरण आहे. तिथला शिकाऊ मुलगा कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. आधी बटणे लावतो, कडा दुमडतो, मग शिवतो, कापणे सर्वांत शेवटी येते. तोवर काठावर बसून त्याने पूर्ण कपडा तयार होताना अनेकदा पाहिलेला असतो. वजाबाकीची ती चर्चा मुकाट्याने वाचणारा नवखा शिक्षण सेवक असाच काठावर आहे.

साशंक : लायबेरियाचा तो मुलगा दुकानात कामाला आहे. बटणे चुकीची लागली तर उस्ताद त्याच दिवशी पाहतो. गटात नुसता वाचणारा काय घेऊन गेला, हे कोणालाच कळत नाही. कित्येकदा त्यालाही नाही. तरी हा मुद्दा दुय्यम आहे. वजाबाकीचे उदाहरण मात्र उत्तम आहे आणि त्यातूनच खरी अडचण दिसते. ते पान टाकणारी शिक्षिका गटात काय सांगत आहे? तिच्या वर्गातल्या मुलाला तिसरीत वजाबाकी येत नाही, हे. त्या गटात आणखी कोण आहे? केंद्राच्या गटात मुख्याध्यापक असतात, केंद्रप्रमुख असतात, पुष्कळदा विस्तार अधिकारीही असतात. दुपारी दोनपर्यंत लिंक भरा, माहिती निरंक असली तरी कळवा, हे निरोप त्याच गटावर येतात. तिथे चुकलेले पान टाकणे म्हणजे स्वतःच्या तपासणीचा शेरा स्वतःच लिहून देणे. म्हणून तिथे येतात ती सजवलेला फळा, पार पडलेला नवोपक्रम, स्पर्धेचे प्रमाणपत्र. यशाच्या छायाचित्रातून दुसऱ्याला फार थोडे मिळते, कारण तिथवरच्या चुका त्यात नसतात.

आता याच्या शेजारी होशंगाबाद ठेवावे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये दोन स्वयंसेवी संस्थांनी १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ पर्यंत तो जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत गेला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने सांभाळला. मुलांनी प्रयोग करून निष्कर्ष काढायचे, हा त्याचा पाया. म्हणून प्रशिक्षणात शिक्षकही तेच प्रयोग स्वतः करत, आणि पुढे मासिक बैठकीत वर्गातल्या अडचणी घेऊन बसत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला ज्याचे उत्तर देता आले नाही, हेच बोलण्याचे विषय होते. विद्यापीठांतले वैज्ञानिक प्रशिक्षणांना येत, पण तपासणी करायला येत नसत; शिक्षकाइतकेच तेही बुचकळ्यात पडत. शिक्षकांचे सामूहिक शिकणे भारतात इतक्या सातत्याने क्वचितच घडले असेल, आणि त्यात एकही फोन नव्हता.

साशंकाच्या या आक्षेपाने चर्चेचा रोख बदलतो. आधी प्रश्न साधनातून काय पोचते हा होता, आता तो कोणाच्या देखत बोलायचे हा झाला. हा दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि शिक्षकांसाठी व्यासपीठे उभारणाऱ्यांनी त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले आहे.

समर्थक : होशंगाबादबद्दल आदरच आहे. पण त्याचा शेवटही सांगायला हवा. २००२ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला आणि तीस वर्षांचा कार्यक्रम शाळांतून बंद झाला. त्या बैठका परवानगीवर चालत होत्या; परवानगी गेली तशी त्यांची चौकटही गेली. शिक्षकांनी स्वतः बांधलेल्या गटाला परवानगी लागत नाही. अधिकारी ज्यात नाहीत असे, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सीमा ओलांडणारे गट महाराष्ट्रात आहेतच. भामरागडच्या शिक्षकाला धडगावच्या शिक्षकापुढे अज्ञान कबूल करताना भीती वाटण्याचे कारण नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही दैनंदिन अभ्यासमाला घरोघरी गेली ती शिक्षकांनी आधीच बांधलेल्या गटांच्या जिवावर.

शिवाय समोरासमोर बसल्याशिवाय शिक्षक शिकत नाही, हे मराठीचा इतिहासच खोटे ठरवतो. कृष्णशास्त्री आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी संपादिलेले ‘शालापत्रक’ शिक्षकांसाठीच होते. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि ताराबाईंच्या मराठी ‘शिक्षणपत्रिके’ने बालशिक्षणाचा विचार अशा गावांत नेला जिथे त्यांची बालमंदिरे कोणी पाहिली नव्हती. टपालाने जे साधले ते फोनने का साधू नये?

साशंक : कारण त्या नियतकालिकांकडे दोन गोष्टी होत्या, ज्या गटाकडे नाहीत. एक संपादक. दुसरी, बांधून ठेवलेले अंक. संपादक दहा पत्रांतून एक निवडत असे, त्यातले कच्चे दुवे विचारून घेत असे आणि मागच्या अंकातल्या चर्चेशी जोडत असे. गटात वजाबाकीची चर्चा संपते न संपते तोच वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा २०२२ पर्यंत २५६ होती, आता १०२४ आहे. गट जितका मोठा तितकी ती चर्चा लवकर वर सरकून नाहीशी होते. पुढच्या जूनमध्ये दुसरी शिक्षिका तेच ३५ चे पान घेऊन येते आणि पहिला सल्ला पुन्हा येतो, सराव वाढवा. जो समूह मागच्या वर्षी काय कळले हे लक्षात ठेवू शकत नाही, त्यातल्या व्यक्ती शिकत असतील, समूह शिकत नाही.

आणि ही जागा शिक्षकांच्या मालकीची नाही. निंग या व्यासपीठावर अमेरिकेतल्या शिक्षकांनी हजारोंचे समूह उभारले होते. २०१० मध्ये त्याने विनामूल्य सेवा थांबवली. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. खास शिक्षणासाठी २००८ मध्ये निघालेले एडमोडो २०२२ मध्ये बंद झाले. होशंगाबाद सरकारी आदेशाने गेले आणि ही व्यासपीठे कंपन्यांच्या हिशेबाने. ‘शिक्षणपत्रिके’चा जुना अंक मात्र ग्रंथालयात आजही मागता येतो.

वेळेचाही विचार व्हावा. अधिकारी नसलेला स्वयंस्फूर्त गट शाळेच्या वेळेत चालत नाही. त्याची चर्चा रंगते रात्री. प्राथमिक शाळांत शिक्षिकांचे प्रमाण मोठे आहे, आणि रात्री आठ ते दहा हा काळ त्यांच्यापैकी पुष्कळ जणींचा स्वयंपाकाचा, मुलांच्या अभ्यासाचा असतो. अनोळखी शेकडो लोकांत स्वतःचा नंबर उघडा पडतो ही अडचण आणखी वेगळी. मग बोलतात कोण, याचे उत्तर सर्वांना खुले आहे या दाव्यातून मिळत नाही.

समर्थक : वेळेचा मुद्दा पूर्ण मान्य; त्याला उत्तर शाळेच्या वेळेतच शोधावे लागेल. स्मरणाच्या मुद्द्याला मात्र उत्तर आहे. हजारांचा गट शिकण्यासाठी नसतोच, तो ओळख होण्यासाठी असतो. शिकणे आठ-दहा जणांच्या गटात होते. त्यात अधिकारी नकोत, प्रमाणपत्र नको, महिनाभर एकच प्रश्न हवा. उदाहरणार्थ, बहुवर्ग अध्यापनात पहिलीची मुले वाचायला शिकत असताना चौथीने काय करावे. महिन्याच्या शेवटी एकाने एक पान लिहावे : काय करून पाहिले, काय फसले, काय अजून कळले नाही. ते पान सर्वांना खुल्या असलेल्या, शोधता येईल अशा जागी ठेवावे. जुन्या संपादकाचे काम असे वाटून घेता येते.

टाटा समाजविज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्टसह राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातील माध्यमिक शाळांत ‘क्लिक्स’ हा कार्यक्रम चालवला. त्यात शिक्षकांचे टेलिग्राम गट होते, पण सुटे नव्हते. समोरासमोरची प्रशिक्षणे होती, गटांत विषयाचे जाणकार होते, आणि वर्गात वापरायचे तेच घटक बोलण्याचा विषय होते. गट हा एकट्याने उभा राहणारा उपाय नाही, त्याला भेटीची आणि समान कामाची जोड लागते, एवढी दुरुस्ती स्वीकारायला हवी.

साशंक : या दुरुस्तीनंतर मतभेद खूपच कमी होतो, पण दोन ठिकाणी अडकतो. पहिले ठिकाण मुलांचे. खरा पाठ समजून घ्यायचा तर तो पाहावा लागतो. जपानमध्ये शिक्षक एकत्र पाठ आखतात, एक शिकवतो, बाकीचे वर्गात मागे उभे राहून मुलांकडे पाहतात आणि नंतर त्याच पाठावर बोलतात. ऑनलाइन हे करायचे तर पाठ चित्रित करावा लागेल, आणि त्यात अडखळणारे, चुकणारे मूल दिसेल. शिक्षकाने स्वतःचे अज्ञान उघडे करणे हा त्याचा निर्णय आहे. मुलाचे अडखळणे गटावर टाकण्याचा निर्णय कोणाचा? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण शाळेने मागितली म्हणून ज्यावर अंगठा उठतो, ती संमती किती खरी? वहीच्या पानावर नाव झाकता येते, चेहऱ्यावर येत नाही. म्हणजे जे पाहिल्याने सर्वांत जास्त शिकता येईल, तेच दाखवणे सर्वांत कमी योग्य आहे.

दुसरे ठिकाण त्या एका पानाचे. ते लिहिणार कोण? आठ-दहा जणांना एका प्रश्नावर टिकवणे, फसलेले सांगणाऱ्याला सांभाळून घेणे, महिन्याअखेर नेमके लिहिणे, हे वेळ आणि कसब मागणारे काम आहे. शिक्षकाने रात्री फुकट करावे, असे म्हणणे अन्यायाचे. ज्या पदाकडे हे काम असायला हवे ते केंद्रप्रमुखाचे आहे, शाळेच्या सर्वांत जवळचे आणि शैक्षणिक मार्गदर्शनासाठीच असलेले. पण तो गटात आला की चुकलेले पान येणे थांबते.

समर्थक : मग त्याच्याकडची माहिती गोळा करण्याची आणि शाळांना शेरे देण्याची कामे काढून घ्यावीत. तो केवळ सोबती राहिला तर त्याच्यापुढे बोलायला अडचण नाही.

साशंक : शेरा देण्याचा अधिकार गेला, तर शिक्षकाला शाळेच्या वेळेत एक तास मोकळा करून देण्याचे बळही जाईल. मुख्याध्यापक त्याचे का ऐकतील?

समर्थक : शिक्षण परिषदेचा वेळ आधीच मंजूर आहे. त्यातलाच एक तास शिक्षकांच्या छोट्या गटांना द्यावा, अधिकाऱ्याने त्या तासाला खोलीबाहेर राहावे.

साशंक : त्या तासात काय झाले याचा अहवाल मागितला, तर हसऱ्या शिक्षकांचे छायाचित्र येईल. मागितला नाही, तर दोन-तीन महिन्यांत तो तास लिंक भरण्यात जाईल.